सोमवार, सकाळी नऊ

माणसं वेळ कशी लिहितात हे बघून बघून माझा माणसांवरचा विश्वास उडाला आहे, आणि पगार मला त्याचाच मिळतो.

आमच्या कंपनीचा प्रोग्रॅम माणसांनी लिहिलेलं वाक्य वाचतो आणि त्यातून तारीख आणि वेळ काढून देतो. "पुढच्या मंगळवारी दुपारी" असं कुणी लिहिलं की हा त्याचा नेमका दिवस आणि तास सांगणार. तो कुठे चुकतो हे शोधणं माझं काम. मी टेस्टर आहे. दिवसभर मी त्याच्यापुढे वाक्यं टाकत बसते. "मुलं झोपली की." "पाहुणे गेले की लगेच." "दोनच्या सुमारास, पण तीन धरून चाला." "पाच मिनिटांत पोचतो" या वाक्यावर तर तो बिचारा मनापासून विश्वास ठेवतो. जगात तेवढा भोळा आता तोच एक उरला आहे.

आमच्या खोलीत कायम बुधवार असतो. "उद्या" म्हणजे कुठला दिवस हे तपासायचं तर आधी "आज" कुठला ते पक्कं लागतं, नाहीतर काल बरोबर ठरलेलं उत्तर आज चूक ठरतं. म्हणून टेस्ट चालवताना आम्ही मशीनचं घड्याळ एका जुन्या बुधवारवर थांबवून ठेवतो. तो बुधवार कुणी निवडला, का निवडला, कुणालाच आठवत नाही. त्या बुधवारी माझ्या दादाला काहीही झालेलं नव्हतं. हे आधी कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता रोज सकाळी मशीन चालू केलं की पहिलं तेच येतं.

दादा माझ्याहून बराच मोठा. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, म्हणजे चालवायचा. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. आयुष्यभर त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे त्याला एक खोड लागली आहे. घरात, बसमध्ये, लग्नकार्यात, कुठेही समोरचा माणूस भलतंच बोलायला लागला की याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. वहिनी म्हणायची, "यांच्याशी भांडताना मी तोंडाकडे बघतच नाही, पायाकडे बघते." मला तो ठमी म्हणतो. माझं खरं नाव त्याला आठवतं की नाही याची मला शंका आहे.

त्याच्या लिव्हरवर गाठ निघाली. सुरुवातीला सगळ्यांनी ती छोटी आहे, छोटी आहे असं म्हणून घेतलं. मग तसं म्हणणं बंद झालं.

आता ऑफिसातली गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

ज्या हॉस्पिटलात दादाचे उपचार चालले होते, तेच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथले डॉक्टर पेशंट तपासून झाला की दोन ओळी टाइप करतात, आमचा प्रोग्रॅम त्यातून पुढची तारीख काढतो आणि पेशंटच्या फोनवर मेसेज जातो. "पंधरा दिवसांनी" असं लिहिलं तर प्रश्नच नाही. पण डॉक्टरही माणसंच. "ताप उतरला की." "जरा अंग धरू दे." अशा वेळी आमचा प्रोग्रॅम तारखेची जागा रिकामी सोडायचा. मला त्याचं ते फार आवडायचं. कळलं नाही तर गप्प बसावं, हे माझ्या ओळखीच्या फार कमी लोकांना जमतं.

पण जागा रिकामी दिसली की काउंटरवरच्या मुलीला उठून डॉक्टरला विचारायला जावं लागे. डॉक्टर खेकसत, मुली रडकुंडीला येत. शेवटी हॉस्पिटलने कळवलं की रिकामी जागा चालणार नाही, काहीतरी तारीख आलीच पाहिजे.

"काहीतरी म्हणजे कुठली?" मिशीने विचारलं. मिशी म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. त्याच्या तोंडावर दुसरं काही लक्षात राहण्यासारखं नाही.

"महिन्यानंतरचा पहिला सोमवार टाक," मॅनेजर म्हणाले. "सोमवार लोकांच्या लक्षात राहतो."

"आणि वेळ?"

"हॉस्पिटल कधी उघडतं?"

"नऊला."

"मग नऊ."

मी म्हटलं, "सर, डॉक्टरांनी दिलीच नाही ती तारीख आपण द्यायची?"

"आपण कुठे देतोय? सिस्टिम देतेय." मॅनेजरांनी लॅपटॉप मिटला. "आणि महिन्याभरात डॉक्टर बघतील की परत. बदलायची असेल तर बदलतील."

मी तणतणले. माझ्या तणतणण्याची आता त्या खोलीला सवय झाली आहे, पंखा कुरकुरतो तशी मी कुरकुरते. शेवटी त्या नियमाच्या टेस्ट मलाच लिहाव्या लागल्या. "नंतर ठरवू" असं टाकलं की सोमवार, सकाळी नऊ. "घरच्यांशी बोलून सांगतो" टाकलं, सोमवार, सकाळी नऊ. चिडून मी "आता आपल्या हातात काही नाही" असंही टाकून बघितलं. त्यालाही सोमवार, सकाळी नऊ. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. आमच्याकडे हिरवं म्हणजे पास. मिशीने सगळ्यांना कॉफी पाजली.

तो नियम हॉस्पिटलात लागू झाला त्याच आठवड्यात दादाची तपासणी होती. मी रजा टाकून त्याच्याबरोबर गेले.

सर्जन पन्नाशीचे, थकलेले, हात मात्र फार स्वच्छ. त्यांनी दादाचं पोट दाबून बघितलं, फोटो उजेडापुढे धरले, डोळ्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघितला. मग खुर्चीत बसले.

"हे बघा मास्तर, पुढचा टप्पा म्हणजे ऑपरेशन. पण आधी ही सूज उतरू दे. अंगात थोडी ताकद येऊ दे. मग बघू."

"मग करायचं ना?" दादाने विचारलं.

"बघू," ते पुन्हा म्हणाले, आणि एका बोटाने टाइप केलं. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, ती माझ्या धंद्याची सवय. बोट फार वेळ चाललं नाही.

संध्याकाळी दादाच्या फोनवर मेसेज आला. त्याने तो मोठ्याने वाचला, मग वहिनीने वाचला, मग आईने चष्मा शोधून आणला आणि पुन्हा वाचला. आपला पुढील टप्पा, मग तारीख, सोमवार, सकाळी नऊ.

"तारीख दिली," आई म्हणाली. "बघ, मी म्हणत नव्हते? ऑपरेशनची तारीख दिली."

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ती रडते तेव्हा नळ सोडते. पण त्या दिवशी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड हसरं होतं, आणि ते मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

महिन्यानंतरचा पहिला सोमवार होता तो. मी बोटांवर दिवस मोजले नाहीत, मला मोजायची गरज नव्हती. तरी मी स्वतःला समजावत राहिले. सर्जनला खरंच सोमवार सोयीचा असेल. आम्ही खोलीबाहेर पडल्यावर त्यांनी वही काढून दिवस बघितला असेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला सीमा नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एक गोष्ट केली जी आम्ही कधी करत नाही. मशीनचं घड्याळ बुधवारवरून हलवलं आणि दादाच्या तपासणीच्या दिवसावर आणलं. मग टाइप केलं, "सूज उतरू दे, मग बघू." एंटर दाबलं. तीच तारीख आली. तोच सोमवार, तेच नऊ, आणि शेजारी हिरवी खूण.

मी घड्याळ परत बुधवारवर नेऊन ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.

त्यानंतर मी जे करता येईल ते केलं. चूक म्हणून रीतसर नोंद टाकली. तासाभरात मिशीने ती बंद केली. शेरा होता, "ठरल्याप्रमाणे चालत आहे." मी मॅनेजरांकडे गेले.

"सर, लोकांना ही खरी तारीख वाटतेय."

"खरीच आहे. त्या दिवशी त्यांनी जायचंय."

"कशाला जायचंय?"

"ते डॉक्टर सांगतील ना." ते माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाले, "तुझ्या घरचं कुणी आहे का तिथे?"

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नाहीत ते. म्हणाले, "मी बोलतो हॉस्पिटलशी. पण त्यांची तक्रार आल्याशिवाय मला काही बदलता येणार नाही." आणि हॉस्पिटलची तक्रार कशी येणार? काउंटरवर आता शांतता होती. मुली रडत नव्हत्या, डॉक्टर खेकसत नव्हते, रिकामी जागा कुठेच नव्हती. पहिला सोमवार यायला अजून अवकाश होता.

मी काउंटरला फोन लावला. मुलगी गोड बोलली. "हो मॅडम, स्क्रीनवर स्पष्ट आहे. सोमवार, नऊ, पुढील टप्पा."

"ऑपरेशन थिएटर घेतलंय का त्या वेळेला?"

"ते डिपार्टमेंट वेगळं आहे मॅडम."

थिएटरवाल्यांनी सांगितलं, ते पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत नाहीत.

इकडे घरात वेगळाच कारभार सुरू झाला होता. दादा जेवायला लागला. आधी दोन चमचे सूप घेऊन वाटी सरकवणारा माणूस आता बशीत उरलेलं पावाने पुसून खात होता. सर्जन म्हणाले होते, अंगात ताकद येऊ दे, आणि याने ते परीक्षेला बसल्यासारखं मनावर घेतलं. सकाळी उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचा, दुसऱ्या आठवड्यात औषधांच्या दुकानापर्यंत. परत आला की धापा टाकत जिन्यात बसायचा आणि आईला सांगायचा, आज थांबलो नाही मधे. त्याचे डोळे पिवळे होत चालले होते. पायाची सूज उतरत नव्हती, बूट बसत नव्हते म्हणून वहिनीने त्याला मोठ्या मापाच्या चपला आणल्या होत्या. पण तारीख होती ना. तारीख आहे म्हटल्यावर सूज म्हणजे तात्पुरती, डोळे म्हणजे जागरण. आईने शेजारी, दूधवाला, तिची जुनी मैत्रीण, सगळ्यांना तारीख सांगून टाकली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सोमवारभोवती कुणीतरी लाल गोल केला होता. मी जेवायला बसले की तो गोल बरोबर माझ्या समोर यायचा. मी जागा बदलून बसायला लागले.

सांगावं की न सांगावं, या एकाच गोष्टीने मला पोखरलं. सांगितलं तर तो वाटी सरकवणार. न सांगितलं तर त्या सोमवारी नऊ वाजता काय होणार, ते मला एकटीला माहीत. मला त्यांचा राग यायचा. आईचा, तिच्या दूधवाल्याचा, वहिनीच्या हसऱ्या तोंडाचा. मग रात्रभर स्वतःचा राग यायचा.

शेवटी मी सर्जनना गाठलं. लिफ्टपाशी उभी राहिले आणि ते तपासणीच्या खोलीतून बाहेर पडले तशी आडवी गेले. दादाचं सांगितल्यावर त्यांना तो आठवला.

"तारीख? मी तारीख दिली नव्हती."

"तुम्ही 'बघू' लिहिलंत. सिस्टिमने तारीख टाकली."

मागून माणसं येत होती, लिफ्ट भरून गेली, ते चढले नाहीत.

"ऑपरेशन होणारच नव्हतं का डॉक्टर?"

"मी बघू म्हटलं होतं."

"बघू म्हणजे काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आपल्या स्वच्छ हातांकडे बघितलं. "तुमच्या भावाच्या बाबतीत, म्हणजे नाही." मग म्हणाले, "जेवतात का ते?"

"हल्ली जेवतो. तारीख आल्यापासून."

"मग राहू दे," ते म्हणाले. "सोमवारी मी भेटेन त्यांना. मी सांगेन. तुम्ही नका सांगू." दुसरी लिफ्ट आली आणि ते गेले. मी तिथेच उभी राहिले. कुणीतरी माझी सुटका केल्यासारखं मला वाटलं आणि त्याची किळसही आली.

आदल्या शनिवारी दादाने मला खाली बोलावलं. शिकाऊ गाडी झाडाखाली धूळ खात उभी होती. मला त्याने तीनदा गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा हात टेकले होते. गावभर त्याचे शिष्य, आणि बहीण अजून बसने जाते, हे त्याचं जुनं दुखणं.

"बस," तो म्हणाला. "बॅटरी उतरलीय का, चालू करून बघू. ऑपरेशननंतर काही दिवस बसता येणार नाही."

मी स्टिअरिंगपाशी बसले, तो शेजारी, त्याच्या जागेवर. गाडी दोन वेळा खोकली आणि चालू झाली. गल्लीतून मी ती सरपटत नेली. त्याचे हात मांडीवर होते, किती बारीक झाले होते ते मला स्टिअरिंग धरूनही नीट दिसलं.

"दादा," मी म्हटलं. "त्या तारखेबद्दल मला जरा..."

गाडी गचकन थांबली. त्याने ब्रेक दाबला होता.

"समोर बघ," तो म्हणाला.

समोर काहीच नव्हतं. एक मांजर होतं, तेही फुटपाथवर.

"ठमे, मला भूक लागायला लागलीय," तो म्हणाला. "खोटी नाही. परवा सकाळी उठलो तर अंडं खावंसं वाटलं. किती दिवसांनी वाटलं सांगू? मला आठवतसुद्धा नाही किती." तो काचेतून समोर बघत होता. "तुला जे काही सांगायचंय ते मंगळवारी सांग."

मी गिअर टाकायला गेले आणि गाडी बंद पडली. तो हसला. म्हणाला, "तू काही सुधारत नाहीस."

सोमवारी आम्ही साडेआठलाच पोचलो. दादाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनीजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत त्याचे कपडे, टॉवेल, ब्रश. दुसरीत आम्हा दोघींसाठी खाणं, कारण ऑपरेशन म्हणजे दिवसभर बसावं लागणार. दादाने रात्रीपासून पोटात काही घेतलं नव्हतं. तसं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. वहिनीच्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी उपाशी ठेवलं होतं, म्हणून यालाही. आई घरी कॅलेंडरसमोर बसली होती.

वेटिंग हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांच्या रांगा. काउंटरवर काच, काचेच्या वर घड्याळ. आम्ही भिंतीकडेच्या रांगेत दादाला मधे घेऊन जागा धरली. दादा बसला आणि गुडघ्यावर हात ठेवून घड्याळाकडे बघायला लागला.

लोक येत होते. एक बाई आली, नुकते केस कापलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्या सपाता. तिच्यामागून नवरा उशी घेऊन. मग एक तरुण मुलगा, त्याला दोघांनी धरलेलं, पण तोही दाढी करून आलेला. आमच्या समोर एक म्हातारे येऊन बसले, डोक्याला लोकरीची नवी टोपी, शेजारी मुलगी, मुलीच्या पायाशी बॅग. मग आणखी. प्रत्येकाबरोबर बॅग होती. कुणी काही खात नव्हतं. कॉफीच्या मशीनपाशी फक्त नातेवाईक उभे होते. सगळ्यांचे कपडे धुतलेले होते, आणि सगळे अधूनमधून आपला फोन काढून एकच मेसेज वाचत होते.

मला कळायला वेळ लागला नाही. हे माझ्या टेस्टमधले लोक होते. "जरा अंग धरू दे." "रिपोर्ट बरे आले तर." "घरच्यांशी बोलून." मी ऑफिसात बसून ज्या ओळी टाइप करत होते त्या आंघोळ करून, बॅग भरून इथे येऊन बसल्या होत्या. एका आठवड्यात सगळ्या डॉक्टरांनी ज्यांच्यापुढे "बघू" लिहिलं ते सगळे. आणि कितीतरी होते. आठवडाभरात इतक्या लोकांना बघू म्हणतात, हे मला माहीत नव्हतं.

नऊ वाजले. काचेमागून मुलगी बाहेर आली. तीच असणार, फोनवर गोड बोलणारी. तिने हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, "नऊ वाजताचे कोण?"

सगळा हॉल उभा राहिला. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी हात वर केला. दादाही उठला, एका हाताने खुर्चीची कड धरून, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी.

मुलगी तशीच उभी राहिली. तिने कागद बघितला, मग माणसं बघितली, मग पुन्हा कागद. "एक मिनिट हं," म्हणून ती आत गेली. काचेमागे तिने फोन उचललेला दिसला.

लोक एकेक करून खाली बसले. कुणी तक्रार केली नाही. म्हातारे मुलीला म्हणाले, "गर्दी असतेच गं अशा ठिकाणी."

दादा उभाच होता. त्याने हळूहळू पूर्ण हॉलभर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गल्लीत गाडी वळवायच्या आधी बघायचा तशी. मग खाली बसला.

"हे सगळे नऊचेच?" त्याने मला विचारलं.

"हो."

"सगळ्यांचं ऑपरेशन एकाच वेळी?"

मी काचेवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"ठमे, यात तुझ्या ऑफिसचं काही आहे का?"

"आहे."

"डॉक्टरने काय लिहिलं होतं माझ्यापुढे?"

सर्जन सांगणार होते. मला माहीत नाही असं मी म्हणू शकले असते, आणि त्याला ते आवडलंही असतं. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे पिवळे डोळे जागरणाचे नव्हते. मी म्हटलं, "बघू. एवढंच लिहिलं होतं. तारीख आमच्या मशीनने टाकली."

त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मोठ्या चपलेतला सुजलेला पाय, जोर लावून. मी त्या पायाकडेच बघत राहिले. थोड्या वेळाने त्याने तो उचलला आणि खुर्चीखाली घेतला.

वहिनी पलीकडून म्हणाली, "काय झालं? काय म्हणाली ती मुलगी? उशीर होणार का?"

"खायच्या पिशवीत काय आहे?" दादाने तिला विचारलं.

"अहो, असं काय करता? आज खायचं नसतं."

"दे."

"ऑपरेशन झालं की..."

"दे गं," तो म्हणाला, अगदी हळू. "भूक लागलीय."

तिने माझ्याकडे बघितलं. मला मान वर करता आली नाही. मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. तिने केळं काढून त्याच्या हातात ठेवलं. हॉलमध्ये नळ नव्हता. ती तशीच बसून राहिली.

दादाने केळं अर्धं सोललं. समोरचे टोपीवाले म्हातारे त्या केळ्याकडे बघत होते. उपाशी माणूस बघतो तसं, नजर हटवता न येऊन. दादाच्या ते लक्षात आलं.

"घेता का अर्धं?" त्याने विचारलं.

"नको नको," म्हातारे ओशाळून हसले. "माझं आज ऑपरेशन आहे ना. रात्रीपासून पाणीसुद्धा नाही घेतलं."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांच्या टोपीकडे, मुलीकडे, तिच्या पायाशी असलेल्या बॅगकडे.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "काही खाऊ नका."

मग तो खुर्चीत वळला, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि हॉलमध्ये कुणाला दिसणार नाही असं हात आडवा धरून केळं खाऊ लागला.